तिसऱ्या क्रेटमधली बाटली

प्रिय बुडबुडी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा आहे तसाच आहे, तिची जीभही आहे तशीच आहे, आणि माझं रक्तदाब मोजायचं यंत्र तिनं कपाटावर इतकं उंच ठेवलंय की ते काढतानाच रक्तदाब वाढावा. तू म्हणशील, एक दिवसाआड फोन होतो, मग बाबांना पत्र लिहायची हुक्की कुठून आली? सांगतो. पण मला माझ्या चालीनं सांगू दे. झटकन मुद्द्यावर येणारा माणूस असतो तर मी सोडा विकायच्या ऐवजी खिळे विकले असते.

सकाळचे सात वाजलेत. मी कारखान्यातल्या त्या काचेच्या खोलीत बसलोय. मंडळी यायला अजून तासभर आहे. मशीन बंद आहे, फक्त कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर चालू आहे आणि त्याचा आवाज कालच्यापेक्षा किंचित जड येतोय. फोरमनला सांगितलं तर तो म्हणेल, "शेठ, तुमचे कान आहेत की सुया?" तीन दिवसांनी बेअरिंग गेलं की मग मान खाली घालून येईल. कानांचं कौतुक मी आयुष्यभर ऐकत आणि करत आलोय. आज त्याच कानांची तक्रार घेऊन बसलोय, असं समज.

गुरुवारी तू फोनवर जे सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. एकशे चौदा नंबरची जोडी जुळत नाही, म्हणालीस. समुद्रातल्या एकाच खोलीवरचं, एकाच वेळी काढलेलं पाणी, दोन बाटल्यांत भरलेलं, आणि एका बाटलीत वायू दुसरीपेक्षा बराच कमी. बूच बघितलं तर ग्रीसवर रेघोट्या. वरच्या लोकांनी लगेच निकाल लावला, की भरणाऱ्याचा हात हलला, बूच नीट बसलं नाही, म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्याच बाटल्या संशयास्पद. तो दिवस कुठला, तर ऐन हिवाळ्यातला, अंधारातला, ज्यासाठी तुम्ही आठ महिने बर्फात काढलेत. आणि सोमवारच्या बैठकीत ठरणार की त्या बाटल्या भरणाऱ्या तुमच्या बाटलीकाकांना पुढच्या सफरीवर न्यायचं नाही. "बाबा, त्यांचं वय झालंय, हात थरथरतो म्हणतात सगळे. मीही काय बोलणार? बूच तर दिसतंयच ना," असं म्हणालीस. 'म्हणतात सगळे' म्हणताना तू मध्ये श्वास घेतलास. तुला ते पटलेलं नाही. मी मात्र "हो का" म्हणालो आणि तुझ्या सर्दीची चौकशी केली.

बाटलीकाकांना मी एकदाच भेटलो, पण पहिल्या चहातच ओळखलं की हा आपल्या जातकुळीचा माणूस. तुमच्या संस्थेची शीतखोली बिघडली आणि तू वरच्यांची परवानगी घेऊन ते बारा क्रेट अकरा दिवसांसाठी माझ्याकडे ठेवायला पाठवलेस, तेव्हा ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी ते स्वतः बसून आले होते. मांडीवर घडी केलेलं ब्लँकेट. म्हटलं, हे कशाला? तर म्हणाले, "खड्डा आला की मी मागे जाऊन क्रेटवर टाकायचो. ड्रायव्हर वैतागला बिचारा. अकरा वेळा थांबवला त्याला." एकेक क्रेट हातानं उतरवला. मला म्हणाले, "साहेब, उभ्याच ठेवायच्या बरं का, आडव्या नकोत." मी म्हटलं, साहेब कुणाला म्हणता, मीही बाटल्याच भरतो चाळीस वर्षं. तर हसले आणि म्हणाले, "मग तुम्हाला काय शिकवायचं! उलट चोराच्या हाती किल्ल्या नाही ना देत मी?" असे आम्ही दोघे हसलो, की आतून तुझी आई बघायला आली.

मग त्यांनी मला भरण्याची रीत सांगितली. नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी हळू सोडायचं, भरून वर आणखी दोन बाटल्यांइतकं वाहू द्यायचं, म्हणजे हवेला शिवलेला थेंब आत राहत नाही. एक बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरायची. मग त्या विषारी औषधाचे थेंब, पाण्यातल्या बारीक जिवांनी श्वास घेऊन आकडा बदलू नये म्हणून. मग ग्रीस लावलेलं काचेचं बूच, दाबून फिरवायचं, वर चिमटा आणि रबर. हे सगळं उघड्या डेकवर, पातळ हातमोज्यांनी, कारण जाड मोज्यात बूच कळत नाही. त्यांनी मला अंगठा दाखवला. थंडीनं मेलेली कातडी, नखाशेजारी कायमची पांढरी. मी माझा दाखवला, झाकणाच्या पत्र्यानं कापलेला. तुझी आई म्हणाली, "झालं का अंगठ्यांचं प्रदर्शन? चहा गार होतोय."

तुला आठवतं का, याच काचेच्या खोलीबाहेर उलट्या क्रेटवर बसून तू खेळायचीस तो खेळ? डोळे मिटायचे, मी बाटली उघडायची, तू आवाजावरून सांगायचं, गार की कोमट, दमदार की बसलेली. पाच वर्षांची होतीस. एकदाही चुकली नाहीस, उलट मीच एकदा गारला कोमट म्हणालो तर तू मला कान धरून उठाबशा काढायला लावल्यास, सगळ्या कामगारांदेखत. त्यावरूनच तर तुझं नाव बुडबुडी पडलं. आणि एक दिवस तू विचारलंस, "बाबा, गार बाटलीतला गॅस आतच का बसून राहतो?" मी तेव्हा मालाच्या गडबडीत होतो. म्हटलं, थंडीत कुणाला घराबाहेर पडावंसं वाटतं? ऊन पडलं की निघतात सगळे. तुला ते उत्तर पुरलं नाही. बरं झालं पुरलं नाही.

मला मात्र वाटायचं की पुरावं. खरं सांगतो, तू हा कारखाना चालवावास म्हणून मी गेटवरच्या पाटीत एका नावाची जागा रिकामी सोडली होती. तू समुद्राचं पाणी शिकायला निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, की बापाच्या पाण्याला गिऱ्हाईक आहे, तुझ्या पाण्याला कोण विचारतंय? ते वाक्य तू कधी परत काढलं नाहीस. मी काढलेलं बघ, आज. त्यानंतर कित्येक वर्षं तू काय करतेस हे मी लोकांना 'बोटीवर असते' एवढंच सांगायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं, मुलगी तिकिटं तपासते की काय.

मग तू त्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर दोन ग्लास ठेवलेस. एक गार, एक कोमट, दोन्हीत माझाच सोडा. म्हणालीस, "बाबा, जगाच्या दोन टोकांचे समुद्र म्हणजे हा गार ग्लास. आपल्या चिमण्या, गाड्या, भट्ट्या जो वायू सोडतात, त्यातला चौथा हिस्सा समुद्र गिळतात, आणि त्यात गार समुद्रांचा घास मोठा. गार पाणी वायू घेतं, जड होतं, खाली जातं आणि शेकडो वर्षं वर येत नाही. म्हणून आपण अजून भाजून निघालेलो नाही." मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. तर तू म्हणालीस, "पण दक्षिणेकडे ते जुनं पाणी वाऱ्यानं वर ओढलं जातं. त्यानं शेवटची हवा बघितली तेव्हा तुमचे खापरपणजोबाही जन्मले नव्हते. त्याच्या पोटात भरपूर वायू असतो, आणि वर आलं की ते सोडतं. उन्हाळ्यात घेतं किती ते आम्ही मोजलंय. हिवाळ्यात सोडतं किती ते कुणी नीट मोजलेलं नाही, कारण तेव्हा तिथं जायला कोण धजावतं? वजाबाकीच अर्धी आहे, बाबा. एवढ्या अर्ध्या वजाबाकीवर सगळं जग पुढच्या शंभर वर्षांचं गणित मांडतंय." तुझी आई ताटं घेऊन उभी होती, ती म्हणाली, "आणि तू तिथं जाणार, असंच ना?" तू हो म्हणालीस. त्या रात्री जेवणात मीठ कमी होतं आणि कुणी मागितलं नाही.

एवढं सगळं मला समजलेलं आहे, हे लक्षात ठेव. पुढं जे लिहितोय ते अडाणीपणानं झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

ते अकरा दिवस, बुडबुडी, मी काय मिरवलो म्हणून सांगू! आमचा माल शेजारच्या गोदामात हलवला आणि कोल्ड रूम तुझ्यासाठी रिकामी केली. तू पाठवलेला कागद दारावर चिकटवला. तापमान चार. उजेड नको. हलवू नये. उघडू नये. दर दोन तासांनी मी तापमान वहीत लिहायचो, माझ्या हातानं. फोरमनलाही दार उघडू दिलं नाही. तो म्हणाला, "शेठ, आत काय हिरे ठेवलेत काय?" मी म्हटलं, हिरे कुठल्याही खाणीत मिळतील, हे पाणी आणायला माझी मुलगी आठ महिने अंधारात राहिली. तुझी आई म्हणायची, "ती इथं होती तेव्हा तिचं कौतुक करायला वेळ नव्हता, आता पाण्याची आरास मांडून बसलेत." तिचं बरोबर होतं. मी आत जाऊन नुसता उभा राहायचो, स्वेटर घालून. बाराही क्रेटमध्ये तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. तुझा 'ब' अजून तसाच आहे, पोटात हवा भरल्यासारखा.

आता माझ्या एका सवयीबद्दल. तुला ती माहीत आहे, तरी लिहितो, कारण हे पत्र वाचताना तुला ती आठवायला हवी. मी बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली. तिथल्या मालकानं मला एक गोष्ट शिकवली. प्रत्येक खेपेतली एक बाटली काढायची, तिसऱ्या क्रेटमधली, मधल्या ओळीतली, डावीकडून दुसरी, म्हणजे आवडनिवड नको. ती बाहेर कोमट होऊ द्यायची, कारण गार बाटली बोलत नाही. तीनदा हलवायची, कानाशी धरायची आणि उघडायची. आवाजावरून सगळ्या खेपेचा दम कळतो. आणि ती बाटली मग मोरीत ओतायची. उघडलेली बाटली क्रेटमध्ये परत ठेवायची नाही, कधीच नाही. मालक म्हणायचा, "परत ठेवणारा हात मला कारखान्यात नको." चाळीस वर्षांत माझ्याकडे लग्नाच्या दिवशीही ती एक बाटली चुकलेली नाही.

नवव्या दिवशी दुपारी डबा खाऊन उठलो. तुझा फोन येऊन गेला होता. तू दोन दिवस झोपलेली नव्हतीस आणि मला म्हणालीस, "बाबा, एकदा तुम्हाला तिथं न्यायला हवं होतं. बर्फाला भेग पडते ना, तेव्हा खालून जो आवाज येतो तो तुम्हालाच कळला असता." मी कोल्ड रूममध्ये गेलो. उभा राहिलो. आणि हात गेला. तिसरा क्रेट, मधली ओळ, डावीकडून दुसरी. मी नंबरसुद्धा बघितला नाही. विषाची खूण मात्र बघितली, म्हणून तोंडाला लावायचा गाढवपणा झाला नाही, एवढंच. ती बाटली या टेबलावर, आत्ता हा कागद आहे तिथं, पन्नास मिनिटं उभी होती. भिंतीवरचं तापमान सव्वीस होतं. तुझी आई डबा न्यायला आली, बाटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "तिची वस्तू आहे ती. ठेवा आत. तुमचा हात कधी बाटलीवरून निघणार आहे?" मी म्हटलं, ठेवतो. ती गेल्यावर तीनदा हलवली. कानाशी धरली. उघडली.

आणि मग मी ती परत ठेवली. बूच पुसलं, फिरवून बसवलं, रबर पूर्वीसारखं ओढलं, चिठ्ठी पुढं केली. कारखान्यातली असती तर मोरीत गेली असती. पण ही ओतणार कशी? तुझी होती. मी स्वतःला सांगितलं की दहा सेकंदांनी काय होतंय. कोमट झालेल्या, हलवलेल्या पाण्यातून दहा सेकंदांत काय होतं, हे तुला याच खोलीबाहेर पहिल्यांदा कुणी शिकवलं? मीच ना? गुरुवारी तू एकशे चौदा म्हणालीस, तेव्हा मी वही काढून क्रेटची यादी बघितली. बाटली तीच होती, ग्रीसवरच्या रेघोट्या माझ्याच. बघायची गरज नव्हती. फोन ठेवल्यावर तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. वाढते, कपडे देते, बोलत नाही. आज सकाळी निघताना माझ्या डब्याच्या पिशवीत हा लिहायचा कागद आणि पेन होतं.

फोनवर का नाही सांगितलं, ते आता सांगतो. तू मला ओळखतेस तसा मीही तुला ओळखतो. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "जाऊ द्या बाबा, मी बघते काय ते." आणि तू ते आत दाबून ठेवलं असतंस, मला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून, आणि परवानगी असली तरी 'बापाच्या कारखान्यात का ठेवलं' असं तुला कुणी विचारू नये म्हणून. मग बाटलीकाका किनाऱ्यावर राहिले असते आणि तुझा हिवाळ्यातला तो दिवस पुसला गेला असता. म्हणून कागद. तोंडचं बोलणं तुला आत ठेवता येतं, कागद टेबलावर ठेवावा लागतो. हे पत्र तुझं आहे, ते कुणाला दाखवू नकोस. सोबत दुसरा कागद आहे, तो दाखव. त्यात हसणं-बोलणं काही नाही. तारीख, वेळ, पन्नास मिनिटं, सव्वीस तापमान, तीनदा हलवली, दहा सेकंद उघडी होती, खाली माझी सही आणि कारखान्याचा शिक्का. फक्त ती एक बाटली काढून टाका, तिची जोडीदार खरं बोलतेय. ती म्हणतेय की समुद्र तिथं सोडतोय, घेत नाही. ही बातमी चांगली नाही, मला कळतं, पण ती तुमची आहे आणि मी ती खोटी पाडता कामा नये. आपला ट्रकवाला उद्या दुपारपर्यंत हे तुझ्या हातात देईल, सोमवारच्या आधी. मला काय ऐकू आलं ते तू विचारलंस तर भेटीत सांगेन, आत्ता सांगायचा मला हक्क नाही. पण एक गोष्ट त्या दुसऱ्या कागदावर शेवटी लिहिली आहे, ती बैठकीत मोठ्यानं वाच. ते बूच निघेना. आधी अंगठ्यानं, मग फडकं धरून, मग गुडघ्यात बाटली दाबून. चाळीस वर्षं बुचं-झाकणं उघडणाऱ्या माणसाला ते बूच काढायला सव्वा मिनिट लागलं.

तुझाच,
बाबा